बंड्याचा खरा नंबर

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं होत आलं, तेव्हा शाल्मलीने नंदकिशोर सरांना दारातच गाठलं आणि येणाऱ्या जपानी पाहुण्यांबद्दल पुन्हा एकदा बजावलं.

“सर, उद्या ओगुरा-सान विचारतील, तुमच्या प्रोग्रॅमला किती खडे देऊ म्हणून. तुम्ही एकवीस म्हणा. एकसुद्धा कमी नको.”

“बघू,” सर म्हणाले आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

सरांचं हे ‘बघू’ सगळ्यांच्या ओळखीचं होतं. नवा पंखा, दुसरा फोन, जिन्यातला दिवा, हे सगळे कधीपासून त्या ‘बघू’मध्ये मुक्कामाला होते. पंखा नसला तर माणूस घाम पुसतो आणि कामाला लागतो. पण उद्या एकवीस खडे मिळाले नाहीत, तर तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

हे खडे म्हणजे ‘गो’ नावाच्या खेळातले. पूर्वेकडचा जुना खेळ आहे. उभ्या-आडव्या एकोणीस रेघांचा पट, एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. एकेक खडा ठेवत जागेला कुंपण घालायचं, शेवटी ज्याच्या कुंपणात जास्त घरं, तो जिंकला. समोरच्याचे खडे चारी बाजूंनी कोंडले की ते मेले. आणि या खेळात एक फार शहाणपणाची पद्धत आहे. दोघांच्या ताकदीत फरक असेल, तर कच्च्या खेळाडूने काळे घ्यायचे आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच काही खडे पटावर मांडून ठेवायचे. जितका कच्चा, तितके जास्त. मग सामना बरोबरीचा होतो आणि दोघांनाही मजा येते.

साल होतं अठ्ठ्याण्णव. बुद्धिबळात यंत्राने आदल्याच वर्षी जगज्जेत्याला हरवलं होतं, पण गोमध्ये यंत्रं अजून रांगत होती. जगातले चांगले चांगले प्रोग्रॅमसुद्धा पटावर ढीगभर खडे मांडून घेतल्याशिवाय बऱ्या खेळाडूसमोर उभे राहत नसत. शाल्मलीने लिहिलेल्या प्रोग्रॅमचीही तीच गत होती. सरांनी त्याचं नाव मोठ्या हौसेने ‘दिग्विजय’ ठेवलं होतं. ते नाव माहितीपत्रकावर छापलं गेलं आणि तिथेच राहिलं. ऑफिसात त्याला सगळे बंड्या म्हणत.

कंपनी होती बंगळूरच्या महादेवपुऱ्यात, एका जुन्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. दहा-बारा माणसं, खाली लेथचा आवाज, वर कीबोर्डचा. नंदकिशोर सर मूळचे साताऱ्याचे. सरकारी कारखान्यातली इंजिनिअरची पक्की नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता, भागीदारीत घेतलं होतं मेहुण्यांना. रघुपती हे त्यांच्या बायकोचे, शुभदाकाकूंचे मावसभाऊ. काकूंचं माहेर चार पिढ्या बंगळूरचंच, त्यामुळे त्या घरातलं मराठी कन्नडचा हात धरून चालत असे. सर स्वप्नं बघत आणि रघुपती हिशेब बघत, असा तो संसार होता.

त्या वर्षी हिशेबाचं पारडं जड झालं होतं. जगभरातल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं. दोन हजार साल उजाडलं की यंत्रं त्याला एकोणीसशे समजणार आणि घोळ घालणार, म्हणून सगळ्या कंपन्या लाखो ओळी चाळून तारखा दुरुस्त करून घेत होत्या. रघुपतींनी अमेरिकेतल्या एका बँकेचं असलं काम मिळवलं होतं आणि त्यांना माणसं हवी होती. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, “भावोजी, ओगुरा जपानात तुमचा खेळ विकायला तयार झाले तर माझं काही म्हणणं नाही. नाही म्हणाले, तर सोमवारपासून शाल्मली तारखांच्या कामावर. खेळ बंद.”

रघुपती दुष्ट नव्हते. कंपनी चालवायची तर असंच बोलावं लागतं, हे शाल्मलीलाही कळत होतं. पण बंड्यावर तिचा जीव होता. नागपूरहून ती या गावात आली तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी खोलीवर जाऊन भिंतीकडे बघण्यापेक्षा ती ऑफिसात थांबायची आणि बंड्याला शिकवायची. कोपरा कसा धरायचा, कुंपण कुठे फुटतं, कुठला खडा वाचवण्यासारखा आणि कुठला सोडून देण्यासारखा. बंड्या शिकायचा, पण त्याच्या चालीने. एकदा एखाद्या गटाला त्याने ‘जिवंत’ म्हटलं की पुन्हा त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही, मग तो गट गळफास लागून मरेना का. ही खोड अजून गेली नव्हती.

आणि एकवीस हा आकडा तिने हवेतून काढलेला नव्हता. शहराबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात दोन कोरियन इंजिनिअर होते, दोघेही उत्तम खेळणारे, साधारण ओगुरा-सानांच्याच पायरीचे. रविवारी शाल्मली कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून बसने होसकोट्याला न्यायची. पडदा त्यांच्याकडे होताच. एकदा कंडक्टरने त्या डब्याचं अर्धं तिकीट मागितलं, तर तिने निमूट काढलं, कारण बंड्या बसला होता तिच्या मांडीवर, पण ऐट पूर्ण तिकिटाची होती. नऊ खड्यांत त्या कोरियनांनी बंड्याला भुईसपाट केलं. तेरात केलं, सतरात केलं. वीसला तो जरा तग धरायला लागला. एकवीसला मात्र कधी ते जिंकायचे, कधी बंड्या. म्हणजे बंड्याचा खरा नंबर एकवीस. तिने हे सरांना सांगितलं तेव्हा सर आजूबाजूला बघून म्हणाले होते, “हे फार कुणाला बोलू नकोस.”

शनिवारी सकाळी टॅक्सीवाल्या देवाप्पाने आपल्या ॲम्बॅसडरमधून ओगुरा-सानांना हॉटेलवरून आणलं. साठीचे, शिडशिडीत, केस पांढरेशुभ्र. वाटेत देवाप्पाकडून ते एक कन्नड शब्द शिकले होते, ‘स्वल्प’, म्हणजे थोडं. आल्या आल्या त्यांनी चहा ‘स्वल्प’ मागितला आणि सगळ्यांना हसवलं. संध्याकाळच्या विमानाने ते परत जाणार होते. त्यांनी पिशवीतून आपला घडीचा पट काढला, खड्यांचे दोन डबे काढले, आणि टेबलाशी ताठ बसले. शाल्मली पडद्यासमोर बसली. बंड्या पडद्यावर दाखवेल तिथे काळा खडा ठेवायचा आणि त्यांची खेळी बंड्याला सांगायची, हे तिचं काम. रघुपती खुर्ची ओढून जवळच बसले.

बोलणं इंग्रजीत चाललं होतं. ओगुरा-सानांनी विचारलं, “चांगल्या प्रोग्रॅमना मी सतरा देतो. तुमच्यालाही सतरा ठेवू का?”

शाल्मलीला हायसं वाटलं. सतरा कमी होते, पण सतरावरून एकवीसवर जायला कितीसा वेळ लागणार. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी छातीवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि अगदी गोड हसून ते म्हणाले, “छे छे, सतरा कशाला. नऊ पुरेत.”

आता हे वाक्य साताऱ्याकडच्या पंगतीत कुणी ऐकलं असतं, तर त्याचा अर्थ लहान पोरानेही बरोबर लावला असता. पंगतीत ‘नको’ म्हणणं ही पहिली पायरी. मग वाढणाऱ्याने म्हणायचं, असं कसं, घ्यायलाच पाहिजे. मग पुन्हा नको, पुन्हा आग्रह, आणि शेवटी “बरं, तुमचा शब्द मोडवत नाही” असं म्हणत दोनाच्या जागी चार पोळ्या घ्यायच्या. सरांनी रिवाजाप्रमाणे पहिली पायरी चढून ठेवली होती आणि ते आता आग्रहाची वाट बघत होते. वर रिवाज होता आणि खाली थोडा तोराही होता. मेहुण्यासमोर आपल्या ‘दिग्विजया’साठी एकदम एकवीस मागायचे, हे काही त्यांच्या जिभेवर येईना. पाहुण्यांनीच बळेबळे दिले असते तर गोष्ट वेगळी.

ओगुरा-सानांनी आग्रह केला नाही. ते चमकले, त्यांनी सरांकडे आदराने पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि पटावरच्या नऊ ठिपक्यांवर नऊ काळे खडे मांडले. ज्याने प्रोग्रॅम बनवला तो माणूस सतरा नाकारतो, म्हणजे हा प्रोग्रॅम जबरदस्त असणार, असा त्यांचा सरळ समज झाला. मग त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि ते पूर्ण ताकदीनिशी खेळायला बसले.

पुढे जे झालं त्याला सामना म्हणणं कठीण आहे. शाल्मलीने टेबलाखालून पायाने सरांच्या बुटाला दोनदा ढोसलं, पण सरांनी पाय मागे घेतला. बंड्या आपला भाबडेपणाने खेळत राहिला. उजव्या कोपऱ्यातला त्याचा गट कोंडला गेला, तरी तो त्याला जिवंतच समजत होता. डावीकडे कुंपण फुटलं, मधली फौज उघड्यावर पडली. बारा वाजायच्या आत पटावर जिकडेतिकडे पांढरं झालं. ओगुरा-सान शेवटी शेवटी खेळताना थांबून बंड्याकडे, म्हणजे पडद्याकडे, काळजीने बघत होते. आपलंच काही चुकतंय का, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

घरं मोजायची गरजच नव्हती. रघुपती उठले, शाल्मलीच्या खुर्चीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस. सोमवारी दहाला माझ्याकडे ये, तुला काम समजावून देतो.” ते मायेने बोलले, त्यामुळे जास्तच लागलं.

जेवण सरांच्या घरी होतं, वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत. शाल्मलीला जेवायची इच्छा नव्हती. तिला सरांचा इतका राग आला होता की त्यांच्या घरच्या पानावर बसणंसुद्धा नको झालं होतं. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि काकूंच्या शेजारी उभी राहून काकडी चोचवायला लागली. काकूंनी पुरणपोळी तव्यावर उलटली आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

“काय गं, हरला का बंड्या?”

“बंड्या नाही हरला, काकू. सर हरले. ते ओगुरा-सान सतरा खडे देत होते आणि सर म्हणाले, नको, नऊ पुरेत.” तिने काकडीवर जोरात सुरी चालवली. “आता सोमवारपासून मी तारखा दुरुस्त करणार.”

काकूंनी गॅस बारीक केला. “अय्यो, यांचं हे असंच. आमच्या लग्नात काय झालं माहिती आहे? यांच्या ताटात जिलब्या वाढायला माझे अप्पा स्वतः आले. हे म्हणाले, नको. अप्पांनी पुन्हा विचारलं, हे पुन्हा नको. आता आमच्या घरात कसं, ‘साकु’ म्हटलं की साकु, पुरे म्हणजे पुरेच. अप्पा ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणून पुढच्या पानाकडे वळले. नवरदेव अर्धपोटी उठले. इतकी वर्षं झाली, पण जिलबीचं नाव काढलं की अजून म्हणतात, तुझ्या अप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.”

शाल्मलीला रडू येत होतं, त्यातच हसू आलं. काकूंनी तिच्या हातातून काकडी काढून घेतली. “तेव्हापासून मी शिकले. कुणी नको म्हणो, मी वाढते. जा, पानं घे.”

आणि काकूंनी वाढलं. नंदकिशोर सर, रघुपती, ओगुरा-सान आणि शाल्मली टेबलाशी बसले होते. ओगुरा-सानांनी पहिली पुरणपोळी कटाच्या आमटीबरोबर मोठ्या आनंदाने खाल्ली. दुसरीला त्यांनी ‘स्वल्प’ म्हणून पाहिलं, तर पूर्ण पोळी आली, वर तूप. तिसरीला त्यांनी हात हलवून नको म्हटलं, तरी पोळी पानात पडली. ते सभ्य गृहस्थ होते, त्यांनी ती संपवली. चौथी येताना दिसली तेव्हा ते शाल्मलीकडे झुकले.

“मला एक सांगा,” ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “तुमच्याकडे खरं नको कसं म्हणतात?”

“पहिलं आणि दुसरं नको हे फक्त रिवाजाचं असतं,” शाल्मली म्हणाली. “खरंच नको असेल तर ताटावर असा आडवा हात धरायचा.” तिने धरून दाखवला.

ओगुरा-सानांनी ताबडतोब ताटावर हात आडवा धरला. काकू थबकल्या आणि पोळी रघुपतींच्या पानात गेली. ओगुरा-सानांचा हात मात्र तसाच राहिला. ते विचार करत होते.

“आमच्याकडेही चहाला दोनदा नाही म्हणतात,” ते सावकाश म्हणाले. “पण पटावर कुणी म्हणत नाही. खडे म्हणजे चष्म्याचा नंबर. तो भिडेखातर कुणी कमी सांगत नाही, सांगितला तर आपल्यालाच दिसत नाही.” मग ते सरांकडे वळले. “नंदकिशोर-सान, माफ करा, एक विचारतो. सकाळी तुम्ही नको म्हणालात. ते खरं नको होतं, की जेवणातलं?”

सरांचा घास हातातच राहिला. रघुपती मान वर करून बघायला लागले, आणि काकू तुपाची वाटी घेऊन दारातच उभ्या राहिल्या. शाल्मलीला वाटलं, आता सर हसून काहीतरी गोलमाल बोलतील, खरंच नऊच पुरे होते, मशीनच तापलं होतं, असलं काहीतरी, आणि मग सगळं संपलं. ती ताटाकडे बघत बसली.

सरांनी घास खाली ठेवला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“जेवणातलं,” ते म्हणाले.

“मग खरे किती?”

“एकवीस.” सरांनी शाल्मलीकडे पाहिलंसुद्धा नाही, तिला विचारलं नाही, की आकडा कमी करून पाहिला नाही. “हिने होसकोट्याला नेऊन नेऊन मोजलेत. मला काल सांगत होती. मी मागितले नाहीत, कारण मला लाज वाटली. तिचा खेळ बुडाला तो माझ्या लाजेने बुडाला, तिच्या प्रोग्रॅमने नाही. तुम्हाला वेळ असेल तर कृपा करून पुन्हा खेळा.”

रघुपतींनी एकदम हसून घेतलं. “एकवीस? भावोजी, गणपतीला नैवेद्य दाखवताय काय?”

“हो, एकवीसच,” सर मेहुण्याकडे बघून म्हणाले. “तेवढेच लागतात त्याला.”

शाल्मलीचा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. ज्या माणसाने लग्नात दोन जिलब्या मागितल्या नाहीत, त्याने परक्या पाहुण्यासमोर आणि मेहुण्यासमोर एकवीस खडे मागितले होते, तेही तिच्यासाठी. तिला उठून त्यांना नमस्कार करावासा वाटला, पण हात पुरणाने माखले होते.

ओगुरा-सानांनी घड्याळ पाहिलं. विमानाला वेळ होता आणि विमानतळ जवळच होता. त्यांनी काकूंकडे कडक फिल्टर कॉफी मागितली, एक झाल्यावर दुसरी मागितली. “नंतर कुणी म्हणायला नको की मी पोळ्यांमुळे हरलो,” ते म्हणाले.

ऑफिसात पट पुन्हा मांडला गेला. या वेळी काळे खडे सरांनी स्वतः मांडले. नऊ ठिपक्यांवर नऊ, मग शाल्मली बोट दाखवेल तिथे एकेक, कोपऱ्याला आधार म्हणून, कडेला टेकू म्हणून. पट काळाकुट्ट दिसायला लागला. खालच्या वर्कशॉपमधले दोघे जण हात पुसत वर येऊन दाराशी उभे राहिले, कारण साहेब स्वतः काहीतरी मांडत बसलेत हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

खेळ सुरू झाला आणि शाल्मलीला पहिल्यांदा बंड्या शोभून दिसला. ओगुरा-सान पांढरा खडा घेऊन घुसले की कुठेतरी आधीचा एक काळा खडा उभा असायचा. बंड्या त्याला जोडून घ्यायचा आणि वाट बंद करायचा. पाहुण्यांना कोपऱ्यात बसायला जागा मिळेना. ते ओठ दाबून विचार करायला लागले. सकाळी त्यांनी असा विचार एकदाही केला नव्हता.

तासाभराने मात्र त्यांनी बंड्याची खोड पकडली. वरच्या डाव्या बाजूचा मोठा काळा गट बंड्याने केव्हाच ‘जिवंत’ म्हणून सोडून दिला होता. ओगुरा-सानांनी बाहेरून एक खडा ठेवला, साधासुधा, काही न करणारा. मग दुसरा. शाल्मलीला कळलं की तिसरा पडला की गट मेला. तिने पडद्याकडे पाहिलं. बंड्याने उत्तर दिलं भलतीकडेच, उजव्या कडेला, जिथे काहीच चाललं नव्हतं. तिथे ठेवावंसं तिला वाटेना, पण त्याने सांगितलं तिथेच खडा ठेवायचा, असा नियम होता. तिने ठेवला. ओगुरा-सानांनी तिसरा खडा ठेवला आणि गट मेला.

“गेला का?” सरांनी कुजबुजत विचारलं.

“मोठा गट गेला,” ती म्हणाली. “बाकीचं टिकलं तर टिकलं.”

बाकीचं टिकलं. मेलेल्या गटाच्या दोन्ही अंगांना मांडलेले खडे होते, त्यांनी पांढऱ्याला पुढे सरकू दिलं नाही. खालची सगळी बाजू काळ्याची राहिली, उजवा कोपरा राहिला. शेवटचे बारीकसारीक खडे पडले, तेव्हा पडद्यावर बंड्या स्वतःला चाळीस घरांनी पुढे दाखवत होता. त्याच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण मेलेला गट तो अजून जिवंतच धरून चालला होता. ओगुरा-सानांनी मेलेले खडे उचलले आणि घरं मोजायला घेतली. दहा-दहाचे चौकोन करून त्यांनी दोन्ही बाजू लावल्या, एकदा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. शाल्मली पटावर वाकून मनातल्या मनात मोजत होती. रघुपतीसुद्धा उभे राहून वाकले होते.

“काळा तीन घरांनी जिंकला,” ओगुरा-सान म्हणाले आणि त्यांनी पडद्याला वाकून नमस्कार केला.

दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना खेळातलं ओ का ठो कळलं नव्हतं, पण साहेबांचा चेहरा त्यांना दिसत होता. सर खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते आणि त्यांचे डोळे पाणावले होते. ते लपवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ओगुरा-सान पटाची घडी घालत म्हणाले, “आमच्याकडे नव्याने शिकणारे पुष्कळ आहेत. बहुतेक प्रोग्रॅम त्यांना फसवतात, आपण फार मोठे आहोत असं दाखवतात. मला असा हवा होता, ज्याच्या घरच्यांना त्याची ताकद नेमकी माहीत आहे. मी हा घेतो. ती वाईट खोड मात्र काढा.”

रघुपतींनी शाल्मलीकडे पाहिलं आणि खांदे उडवले. “सोमवारी माझ्याकडे येऊ नकोस,” ते म्हणाले. “मी दुसरं कुणीतरी बघतो.” त्यांनाही बरंच वाटलेलं होतं, फक्त ते कबूल करायची त्यांची पद्धत नव्हती.

खाली देवाप्पाने गाडी सुरू केली. ओगुरा-सान गाडीत बसले, काकूंनी डब्यात बांधून दिलेल्या पोळ्या त्यांनी मांडीवर घेतल्या आणि काच खाली केली.

“पुढच्या वर्षी मी परत येईन,” ते सरांना म्हणाले. “तेव्हा हा थोडा मोठा झालेला असेल. किती ठेवू मग? अठरा?”

शाल्मली मागे उभी होती. एका वर्षात ती खोड कितीशी जाईल, हे तिच्या मनाशी पक्कं होतं. अठरा म्हणजे फार कमी झाले. सर आता काय म्हणतात म्हणून ती पुढे सरकली, तर सर बाजूला झाले आणि त्यांनी तिला गाडीपाशी जागा करून दिली.

“ते मी नाही सांगणार,” ते ओगुरा-सानांना म्हणाले. “प्रोग्रॅम हिचा आहे. ही सांगेल तो आकडा.”

“वीस,” शाल्मली म्हणाली.

ओगुरा-सानांनी मान डोलावली आणि देवाप्पाने गाडी विमानतळाच्या रस्त्याला घातली.